पन्नास फूट, मधे खांब नाही

सुआमे मॅगझिनमध्ये, म्हणजे गॅरेजांच्या त्या अवाढव्य वस्तीत, कुणी हळू बोलत नाही. बोलून उपयोगच नाही. एका अंगाला ट्रकच्या चासीवर घण पडतोय, दुसऱ्या अंगाला ग्राइंडर किंचाळतोय, समोर कुणीतरी जुन्या इंजिनाला शिव्या देऊन सुरू करू पाहतोय, त्यात "जेवायला केंके आणलीस का रे?" एवढं विचारायलाही छाती फुगवून घ्यावी लागते. आफुआ डुफी मात्र कधी ओरडत नसे. ती चिमूट दाखवायची. अंगठा आणि तर्जनीमध्ये जेवढी फट, तेवढं तिचं म्हणणं.

इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत, आणि डुफीला सगळं जग सुतात दिसे. तिच्या शेडमधले वेल्डर तिच्या माघारी तिची नक्कल करत. एक जण विचारी, "मास्टर, आईचा गुडघा कसाय?" दुसरा ओठ घट्ट मिटून, भुवया कपाळात चढवून, चिमटीत तीन सूत फट धरी. "आणि कालच्यापेक्षा?" की चिमूट दोन सुतांवर येई. सगळे खिदळत. एकदा हा खेळ ऐन रंगात असताना डुफी मागे येऊन उभी राहिली. तिने त्या नकलाकाराची चिमूट नीट निरखली आणि म्हणाली, "दोन नाही, अडीच. नक्कल तरी मापात कर."

शेड तिच्या मामाची. सर्फो मामाला स्वतःचे तीन मुलगे होते, पण तिकडच्या रीतीने मामाचं जे असतं ते भाच्यांचं. आणि भाच्यांपैकी वेल्डिंगची ठिणगी उडाली की पळून न जाणारी एकटी डुफी. सतरा वर्षांची होती तेव्हा हातात रॉड धरला. मॅगझिनमधले लोक येता-जाता विचारत, "सर्फो, पोरगी केंके विकायला आली होती, ती इथेच राहिली का?" मामा पोरीला गर्डर शिकवत होता.

मामाची शिकवण एका घोकणीत मावायची. वजन विचारू नकोस, उंची विचार. छपराच्या गर्डरला दर तीन फुटांना एक इंच उंची दे. बाजारात ते माप नसेल तर वरची पायरी चढ, खालची उतरू नकोस. आणि आकडे शेवटी इंजिनिअरला दाखव, कारण घोकणीला सही करता येत नाही.

ही शिकवण मामाला फुकट मिळाली नव्हती. तरुणपणी त्याने कोकोच्या एका गोदामावर जाडजूड, बुटके गर्डर टाकले होते. मालकाने हौसेने आणलेले, म्हणून. गोदाम पडलं नाही, पण छपराला असा झोळ आला की आत शिरणारा प्रत्येक माणूस आपसूक मान खाली घाली. डोक्यावर सात फूट मोकळी जागा, तरी हमाल वाकून चालत. मामा त्या रस्त्याने कधी जात नसे. गेलाच तर दुसऱ्या बाजूच्या दुकानातली साबणं मन लावून बघत जाई.

डुफीने पस्तीस वर्षांत एकही असं छप्पर बांधलं नाही ज्याच्यावरून तिला साबणं बघत जावं लागेल. तिचा सगळा तोरा तेवढाच. सोनं घालायची नाही, अंत्यसंस्काराच्या मेजवानीत पुढची खुर्ची मागायची नाही. पण तिच्या एखाद्या छपराखालून चालताना मान अशी ताठ की बरोबरच्या माणसाला वाटावं, हिच्या डोक्यावर पाण्याची घागर आहे.

तिच्यापर्यंत अडुवाक्रोम गावचं काम आलं ते एका फाटक्या छत्रीमुळे.

अडुवाक्रोमच्या जुन्या सभागृहात बरोबर मध्यावर एक खांब होता. सणाच्या दिवशी तिथले राजे पालखीतून येत; राजाला तिकडे नाना म्हणतात. वर छत्रीवाला ती भली थोरली मखमली छत्री ढोलांच्या तालावर गरगरा फिरवी, खालीवर नाचवी. एका सणाला छत्री फिरता फिरता खांबावर आदळली, चर्रकन फाटली, आणि नानांच्या डोक्यावर टोपरं बसावं तशी बसली. शेजारच्या गावाला तेवढंच हवं होतं. तेव्हापासून तिकडचे लोक भेटले की विचारत, "काय, तुमचे खांबराजे बरे आहेत ना? मधोमध बसतात, कुणासाठी हलत नाहीत, खरा राजा तोच बाबा!"

नानांनी खांब पाडला, सभागृहही पाडलं, आणि फर्मान काढलं: नवीन बांधायचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत पन्नास फूट, मधे काडी दिसता कामा नये.

पन्नास फूट म्हणजे गंमत नव्हे. डुफीने पन्नासला तीनाने भागलं. सोळा आणि वर थोडं. बाजारात सोळा इंची मिळतो, मग एकदम अठरा. सोळा इंचीवर निभावलं असतं, पण कसंबसं. ती वरची पायरी चढली. अठरा इंच उंच, कमरेत बारीक, फुटाला वीस किलो. शहरातल्या इंजिनिअरबाईंनी आकडे मांडले, वारा धरला, पत्रे धरले, वरचे वासे धरले, खालचं प्लायवूडचं छत आणि पंखेही धरले आणि सही केली. "स्वतःच्या आणि छपराच्या ओझ्याने मध्यावर एक इंच बसेल," त्या म्हणाल्या. "काही वाईट नाही."

"आठ सूत," डुफी म्हणाली. तिचाही हिशेब तोच आला होता.

मग दरबार भरला. अडुवाक्रोमच्या चौकात, वडीलधारे दोन बाजूंना, नाना मधे. नानांशी थेट कुणी बोलत नाही आणि नाना कुणाशी थेट बोलत नाहीत. मधे ओच्यामे असतो, हातात सोन्याच्या मुठीची काठी घेऊन. नानांचं बोलणं तो आपल्याला सांगणार, आपलं बोलणं तो नानांना सांगणार, आणि तो जे सांगेल तेच बोललं गेलं असं धरायचं. अडुवाक्रोमचा ओच्यामे होता अजेपोंग. नाकाचा शेंडा जरा वर, आवाज असा की ढोलाने लाजावं. साधं "पाणी द्या" म्हणायचं झालं तरी तो आधी नदीची वंशावळ सांगायचा.

चौकात डुफीने दोन तुकडे ठेवले होते. एक तिच्या अठरा इंची गर्डरचा. दुसरा तिने आणलेला नव्हता. तो आणला होता म्हाताऱ्या चेरेमेंनी. चेरेमे म्हणजे गावातले सर्वांत मोठे कोकोवाले. लोखंडातलं आपल्याला कळतं असा त्यांचा समज, आणि कळण्याची त्यांची रीत एकच: लाथ. लॉरी घेताना लाथ, फाटक घेताना लाथ. त्यांच्या तुकड्याची उंची दहा इंच, रुंदी दहा इंच, अंगाने पैलवान; फुटाला सत्तावीस किलो.

"हं," चेरेमे म्हणाले. त्यांचं प्रत्येक वाक्य 'हं'ने सुरू होई, जणू आधी घसा लाथाडून बघत. "हं. बघा आता." त्यांनी आपल्या पैलवानाला चपलेने लाथ मारली. ढप्प. "ऐकलंत? भरीव. आता हिचा." डुफीच्या तुकड्याला लाथ. टण्ण्ण. "हं! रिकामा! अहो, हा गर्डर नव्हे, ही शाळेची घंटा. उंच न् बारीक. असा माणूस वाऱ्यात उडतो."

मंडळी हसली. अजेपोंगने काठी आपटली आणि नानांकडे वळून गंभीरपणे सांगितलं, "चेरेमे म्हणतात, ज्या ओडुमच्या झाडाला खोड नाही त्याला पक्षीसुद्धा घर विचारत नाही."

चेरेमेंनी असं काही म्हटलं नव्हतं, पण त्यांना ते आवडलं.

डुफी उठली. "आजोबा, तुमचा कोयता द्या."

"कशाला? मला मारायला?"

"वाकवायला."

कोकोवाल्याकडे कोयता नाही असं होत नाही. चेरेमेंनी आपला लांब, पातळ पात्याचा कोयता जरा संशयानेच दिला. डुफीने तो दोन्ही हातांत आडवा धरला आणि पातं दाबलं. ते माशासारखं वाकलं. मग तेच पातं धारेवर उभं केलं आणि चेरेमेंसमोर धरलं. "आता तुम्ही वाकवा."

चेरेमेंनी दाबलं. पुन्हा दाबलं. मानेच्या शिरा फुगल्या.

"लोखंड तेच, वजन तेच," डुफी म्हणाली. "उभं राहिलं की त्याला जोर येतो. तुमचा गर्डर जाड आहे आजोबा, पण बुटका आहे. माझ्यापेक्षा एक तृतीयांश जास्त लोखंड खाईल आणि दुपटीहून जास्त वाकेल. वीस सूत. वाऱ्याचं म्हणाल तर उंच माणूस एकटा उभा असला की पडतो. मी त्याला एकटा ठेवणार नाही. गर्डर ते गर्डर आडवे वासे बांधेन. रांगेत खांद्याला खांदा लावून उभे असलेल्यांना वारा काय करणार?"

मंडळी आता कुजबुजू लागली, आणि कुजबुज डुफीच्या बाजूची होती. नाना पुढे झुकले. अजेपोंगच्या कानात काहीतरी बोलले. अजेपोंग वळला.

"नाना विचारतात: हा गर्डर वाकेल का?"

डुफीने चिमूट वर केली. "वाकेल. आठ सूत. सगळंच वाकतं, मोजून वाकलेलं बरं."

झालं. दुसरा कुणी असता तर तेवढंच सांगून बसला असता. पण असा सुका शब्द नानांच्या पायाशी कसा टाकायचा? अजेपोंगने छाती भरून घेतली, काठी उंचावली, आणि नदीला पूर यावा तसा सुटला:

"नाना! मास्टर डुफी म्हणते: हत्ती गुडघे टेकील, ओडुम कंबर वाकवील, पण पूर्वजांसमोर उभा राहिलेला माझा गर्डर झाडूच्या काडीइतकाही वाकणार नाही! आणि वाकलाच, तर माझ्या मामाचा हातोडा मी नानांच्या पायाशी ठेवीन आणि पुन्हा जन्मात कुणाच्या छपराला हात लावणार नाही!"

चौक दणाणला. ढोलवाल्याने न सांगता तीन थापा हाणल्या. डुफीने तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या मुकादमाने, फोसूने, तिच्या वस्त्राचं टोक गच्च ओढलं. "मास्टर, खाली बसा! ओच्यामेला खोटं पाडणं म्हणजे नानांच्या जिभेला खोटं पाडणं. दंडाचं मेंढरू द्यावं लागेल!"

"दोन देते."

"बघा तिकडे."

तिकडे पुजाऱ्याने दारूची बाटली उघडली होती. पूर्वजांना अर्घ्य जमिनीवर सांडत होतं, तेही अजेपोंगच्या शब्दांवर. माती ओली झाली. आता तो शब्द मेंढरांनी परत येणार नव्हता.

परतीच्या ट्रोट्रोमध्ये, त्या खचाखच भरलेल्या मिनीबसमध्ये, फोसूने तासभर तोंड बंद ठेवलं, हाच त्याच्या आयुष्यातला विक्रम. मग फुटलाच. "मास्टर, चोवीस इंची घेऊ."

"चार सूत वाकेल."

"छत्तीस?"

"एक. सव्वा. आणि तो भिंतीवर बसला की भिंतच बसेल."

"मग अजिबात न वाकणारा गर्डर मिळतो कुठे?"

"अजेपोंगच्या तोंडात."

दुसऱ्या दिवशी ती अजेपोंगच्या घरी गेली. तो फुफू खात होता. बोटं रश्शात, नजर प्रेमळ.

"ये ये, मास्टर! काल तुझं काय छान मांडलं ना मी?"

"काका, मी आठ सूत म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस. ऐकलं मी. पण बाळे, अगं 'आठ सूत' ही काय दरबारात न्यायची गोष्ट आहे? तुझा शब्द उघडाबोडका होता. मी त्याला वस्त्र नेसवलं."

"तुम्ही त्याला माझंच वस्त्र नेसवलंत आणि मला उघडं पाडलंत. परत घ्या तो शब्द."

अजेपोंगचा घास हवेत थांबला. एकदम म्हातारा दिसला तो. "सत्तावीस वर्षांत ही काठी धरून मी एक शब्द परत घेतलेला नाही," तो हळू म्हणाला. "घेतला तर उद्या नानांचा कुठला शब्द खरा धरतील लोक?" मग लगेच चेहरा उजळला. "तू घाबरू नकोस. वाकला ना गर्डर, तर मी असं काही बोलेन, असं काही बोलेन की—"

"नको!" डुफी जन्मात पहिल्यांदा ओरडली. शेजारची कोंबडी उडाली. "काका, तुमच्या पाया पडते. तुम्ही काही बोलू नका."

त्यानंतर दोन दिवस तिने कुणाला चिमूट दाखवली नाही. शेडमध्ये बसून ती मामाच्या हातोड्याकडे बघत राही. हातोडा ठेवायचा म्हणजे काय, ते तिला कळत होतं. शेड बंद. फोसू आणि अकरा वेल्डर दुसऱ्याच्या दारात. आणि मॅगझिनमधून जाताना दोन्ही बाजूंची साबणं बघत जायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली आणि म्हणाली, "फोसू, सगळे गर्डर उलटे करा."

"उलटे म्हणजे?"

"पोट वर, पाठ खाली. आठ सूत वाकणारच ना? मग आधीच आठ सूत वर उचलून ठेवू. छपराचं ओझं पडलं की बसेल सरळ."

फोसूने डोकं खाजवलं. "म्हणजे आधी वाकडा करायचा, म्हणजे नंतर सरळ होईल?"

"मामाने एकदा पुलासाठी केलं होतं. मी गॅसची नळी धरली होती."

तिने आधी इंजिनिअरबाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, करा, पण लोखंड जाळू नका. मग काम सुरू झालं. पाच गर्डर. बाजारात लांबी चाळीस फूट, म्हणून प्रत्येकाला दहा फुटांचं शेपूट जोडलेलं. जोड एका टोकाकडे, मध्याजवळ कधीच नाही. उलटा गर्डर दोन टोकांवर टेकवला. डुफीने खडूने त्याच्या कमरेवर त्रिकोण आखले, टोक पाठीकडे, रुंद बाजू पोटाकडे. मग ज्योत. टोकापासून रुंदीकडे, हळूहळू, नागमोडी.

"लाल कितपत, मास्टर?"

"पिकलेल्या पामफळाइतका. नारिंगी झाला तर तुझे कान तसेच करीन."

तापलेला पट्टा फुगायला बघतो, पण आजूबाजूचं थंड लोखंड त्याला फुगू देत नाही; मग निवताना तो आखडतो, आणि आखडताना अख्ख्या गर्डरला आपल्याकडे ओढतो. एका वेल्डरने लवकर निवावा म्हणून पाण्याची बादली उचलली. डुफीने तिच्यावर असा पाय ठेवला की बादलीचा तवा झाला. पाणी नाही. वाट बघायची. सबंध मॅगझिन बघायला जमली. ज्या वस्तीत कुणीही कशाचीही वाट बघत नाही, तिथे बारा माणसं एका गर्डरभोवती हात बांधून गप्प उभी होती.

पहिला गर्डर सहा सुतांवर थांबला. आणखी दोन त्रिकोण तापवले. तिसऱ्याने आगाऊपणा केला, अकरावर गेला. त्याला पाठीकडून तापवून परत आणावं लागलं. सहा दिवसांत पाचही नऊ सुतांवर आले. एक सूत तिने हातचं ठेवलं.

सातव्या दिवशी चेरेमे आले. लाथ मारायलाच आले होते, पण पाय वर उचलून तसेच थांबले. एक डोळा मिटून त्यांनी गर्डरच्या लांबीकडे पाहिलं.

"हं! अगं, हा तर वाकडा आहे! ह्याला कुबड आहे!"

फोसूने पटकन ताडपत्री उचलली. डुफीने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"आहे, आजोबा. नऊ सूत. मीच काढलंय. गावात सगळ्यांना सांगा."

"सांगतोच!" चेरेमे गेले आणि त्यांनी सांगितलं. लॉरी अडुवाक्रोमला पोचली तेव्हा अर्धं गाव एक डोळा मिटून उभं होतं. क्रेनने पहिला गर्डर उचलला. पोरं ओरडली, "कुबड्या आला! कुबड्या आला!" शेजारच्या गावाचेही चार जण खास आले होते. "खांबराजे गेले," ते म्हणाले, "आता कुबडराजे!" डुफीने ऐकलं. फोसूने उत्तर द्यायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "वास्याचे बोल्ट मोज."

गर्डर भिंतींवर टेकला, नुसत्या स्वतःच्या वजनाने कुबड सहा सुतांवर आलं. आडवे वासे बांधले. छपराला उतार देणाऱ्या खुंट्या उभ्या राहिल्या, पत्रे चढले: चार. गर्डरांच्या मधल्या जागेत प्लायवूडचं छत चढायला लागलं: तीन. मग अडीच. डुफी रोज सकाळी शिडीवर चढे, मोजी, उतरे. छत अर्धं झालं आणि कुबड अडीचवरच दोन दिवस अडलं, तेव्हा तिने रात्रीचंच नव्हे, सकाळचंही जेवण सोडलं. फोसू केंकेचं पान उघडून तिच्यासमोर धरी. "मास्टर, तुम्ही नाही खाल्लंत म्हणून गर्डर हलका होणार नाही." "जड व्हायला हवाय तो," ती म्हणे. छत पुरं झालं, शेवटचे पंखे लागले. त्या संध्याकाळी तिने मोजलं नाही. मोजायचं ते सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. नाना आले, अजेपोंग काठी घेऊन बाजूला. मधल्या गर्डरखाली दोन शिड्या. दोरी कुणी धरायची? डुफी म्हणाली, "चेरेमे आजोबा."

चेरेमे कोकोच्या पोत्याची सुतळी घेऊनच आले होते. दोन टोकांना बांधली, पन्नास फूट. डुफीने खालून पाहिलं आणि मान हलवली. "आजोबा, ही नको. सुतळीलाच झोळ पडलाय. तिच्यापेक्षा माझा गर्डर तीन सूत जास्त चांगला दिसेल."

"हं? मग तुझ्या फायद्याचंच की!"

"म्हणूनच नको. तार लावा. खाली वजन बांधा."

तार लागली, एका टोकाला दगड टांगला, ती वाद्याच्या तंतूसारखी ताणली गेली. चेरेमे मधल्या शिडीवर चढले. त्यांचं नाक तारेला लागलं. लोक खालून त्यांच्या कोकोने काळ्या पडलेल्या टाचा बघत होते. कुणीतरी झाडूची काडी वर दिली. चेरेमेंनी ती तार आणि गर्डर यांच्यामध्ये सारली.

"हं," ते म्हणाले. "खाली नाही. तारेच्या वरच आहे, काडीभर, एक सूत. वाकलेला नाही."

आणि उतरण्याआधीच, सवयीची लाथ न मारता, त्यांनी गर्डरवर रीतसर हाताचा पंजा ठेवला.

ढोल सुटले. अजेपोंगच्या चेहऱ्यावर पाऊस पडून गेल्यासारखं झालं. त्याने काठी उचलली, छाती भरली. डुफी पुढे झाली.

"थांबा, काका. आधी माझं नानांना सांगा. आणि मी म्हणेन तेवढंच."

"आता काय सांगायचंय? जिंकलीस ना!"

"सांगा: गर्डर वाकला. आठ सूत. मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं तितकाच. मी त्याला आधी नऊ सूत वर उचलला होता, म्हणून सरळ दिसतोय."

अजेपोंगने उचललेली काठी खाली टेकवली. "वेडी आहेस? हातोडा ठेवावा लागेल!"

"लागेल तर ठेवेन. पण न वाकणारा गर्डर मी बांधला असं उद्या कुणी ऐकलं आणि तसा मागायला आलं, तर मी काय देऊ? सांगा."

अजेपोंगने तिच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग नानांकडे वळला. आवाज त्याचाच होता, पण त्यात नदी नव्हती. "मास्टर म्हणते, गर्डर आठ सूत वाकला. तिने पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं. शब्द मी वाढवला."

सत्तावीस वर्षांत कुणी असं ऐकलं नव्हतं. नानांनी वर पाहिलं, भिंतीपासून भिंतीपर्यंत, सावकाश. मग अजेपोंगच्या कानाशी झुकले आणि बराच वेळ बोलत राहिले. अजेपोंगचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं, रडतोय. तो हसत होता.

"नाना म्हणतात: पूर्वजांना अर्घ्य शब्दावर दिलं, आणि तो शब्द ओच्यामेचा होता; मेंढरू ओच्यामे देईल. हातोडा ज्याचा त्याच्या हातात राहू दे. आणि नाना विचारतात, मास्टरला काय हवं? वस्त्र? सोनं? पुढची खुर्ची?"

डुफी म्हणाली, "पांढरा रंग. आणि एक बारीक कुंचला."

शिडी तशीच होती. ती चढली. मधल्या गर्डरच्या पोटावर, जिथे खालून सगळ्यांना दिसेल तिथे, तिने अक्षरं काढली: पन्नास फूट. अठरा इंच. बसला आठ सूत. डुफी, सर्फोची भाची.

अजेपोंग खालून मान वर करून वाचत होता. "अगं, निदान 'थोर मास्टर' तरी लिही!"

"जागा नाही, काका," डुफी म्हणाली आणि कुंचला पुसायला घेतला. तिच्या खालून अडुवाक्रोमची माणसं एकेक करून जात होती, वाचायला मान वर करून.